परवानगीचा कागद, मराठीत

गुजरातेतल्या डिंडोलीत आमच्या सोसायटीच्या ओट्यावर आम्ही पाच बायका दुपारी साड्यांवर खडे चिकटवायला बसतो. सगळ्या खानदेशातल्या. काम देणारे शेठ गुजराती, स्वभावाने मोकळे. एकदा माल न्यायला आले तेव्हा बोलता बोलता त्यांनी मोबाइलवर आमचा व्हिडिओ काढला. आम्ही हसलो आणि विसरून गेलो.

पंधरा दिवसांनी आमच्या पाचातलीच माझी शेजारीण रडवेली होऊन दारात उभी. तिच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी हिलाच शेठच्या जाहिरातीत, त्या व्हिडिओत, पाहिलं होतं. अंगात गाऊन, डोक्याला चोपडून तेल. त्यांनी हसून एवढंच विचारलं, ती तुम्हीच ना? पण हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझी मुलगी कायद्याचं शिकते. तिने सांगितलं की माणसाची खासगी माहिती जपायला नवा कायदा झालाय. चेहरा हीसुद्धा माहितीच, धंद्यासाठी वापरायची तर आधी विचारायला हवं. लागू झालाय का, असं मी विचारलं. हळूहळू होतोय म्हणाली, पण शेठशी बोलायला कुठे कलम लागतं?

फोन मीच केला. काम जाईल ही भीती होतीच. सगळं ऐकून शेठ म्हणाले, माझ्या बायकोचा असा व्हिडिओ कुणी टाकला असता तर मी भांडलोच असतो. त्यांनी व्हिडिओ तेव्हाच काढून टाकला.

पुढच्या खेपेला नवा व्हिडिओ करायचा म्हणून ते परवानगीचे कागद घेऊन आले. सगळं इंग्रजीत. शाळेत, बँकेत, गॅसच्या दुकानात आजवर मी न वाचताच सह्या केल्या होत्या. त्या दिवशी पेन खाली ठेवलं.

"शेठ, हे मराठीत आणा. मुलगी सांगते, कायद्यात तशी सोय आहे."

आठवड्याने मराठी कागद आला. तर आमच्यातली सगळ्यात थोरली म्हणाली, "हाई बी माले समजत नही. अहिराणीमा सांग."

अहिराणी काही कायद्यातल्या भाषांच्या यादीत नाही. मग मीच एकेक ओळ अहिराणीत सांगितली. शेठ शेजारी उकिडवे बसून ऐकत होते, मध्येच एखादा शब्द विचारत होते. थोरलीने लगेच होकार दिला. गावाकडच्या लोकांनी आपल्याला बघावं, अशी तिला हौसच होती. आम्हीही सह्या केल्या. शेजारणीने मात्र पेन घेतलं नाही.

"हात दाखाडा, तोंड नको," ती म्हणाली.

शेठनी तिच्या कागदावर स्वतः लिहिलं, फक्त हात. व्हिडिओही तसाच झाला.

दिवाळीनंतर त्याच पाहुण्यांकडे तिच्या मुलीचं लग्न ठरलं. साखरपुडा झाल्यावर ती आपणहून शेठना म्हणाली की आता चेहराही चालेल. त्यांनी नवा कागद आणला. तिने तो ओट्यावर बसून सावकाश, मोठ्याने वाचला आणि मग सही केली.