माझी कळशी रांगेत

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आमच्या घरात तो वाचू शकणारा मी एकटाच होतो. आईनं तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि देवापुढे ठेवला. नोकरी लागली ती कोरडवाहू कर्जत तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलात. निघताना आईनं घरातली पितळी कळशी माझ्या वळकटीला बांधून दिली. आमचं गाव राहात्याकडचं, पाटाच्या पाण्याचं. या कळशीला कधी रांगेत उभं राहावं लागेल, असं आईला काय किंवा मला काय, स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बाहत्तरचा पाऊस आलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या, आणि गावातले बहुतेक पुरुष आणि बऱ्याच बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या.

गावानं मला फार मानानं वागवलं, हे आधी सांगायला हवं. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. संध्याकाळी मी मारुतीच्या पारापाशी गेलो की बसलेली माणसं उठून उभी राहायची. "या गुरुजी, बसा," म्हणून अख्खा पार मला द्यायची आणि थोड्या वेळानं कामं काढून एकेक करून निघून जायची. मग त्या एवढ्या मोठ्या पारावर मी एकटाच. खोलीवर परतावं तर तिथंही बोलायला भिंतीच. रविवारी करण्यासारखं काही नसायचं म्हणून मी कळशी राखेनं घासत बसायचो. गावात तेवढी लखलखीत कळशी दुसरी नव्हती, त्याचं कारण एवढंच.

शाळेत नववीचं नागरिकशास्त्र माझ्याकडे होतं. "ते पोरं आपली आपण वाचतात, तुम्ही इंग्रजीकडे बघा," असं मुख्याध्यापक म्हणायचे. पण मला तो विषय जवळचा होता. मला शाळेत जे सर लाभले, ते वर्गात शिरताना दाराशी पडलेल्या आमच्या वेड्यावाकड्या चपला वाकून सरळ लावून ठेवायचे. तोंडानं काही म्हणायचे नाहीत. महिन्याभरात आम्ही सगळे चपला नीट काढू लागलो. चांगलं वागणं असं शिकवायचं असतं, हे मी त्यांच्याकडून घेतलं होतं. मला निदान एका वर्गाला तरी तसं काही द्यायचं होतं. पण माझी मुलं फळ्यावरचं सगळं मुकाट्यानं उतरवून घ्यायची आणि "समजलं का?" विचारलं की एका सुरात "होय सर" म्हणायची. समजलं का नाही, ते मला कधी कळायचं नाही.

गावाला पाणी टँकरनं यायचं. चावडीसमोरच्या हौदात टँकर रिकामा व्हायचा आणि हौदाच्या नळावर भांडी भरायची. टँकर यायचा दुपारी, पण रांग लागायची सकाळपासून. माणसांची नव्हे, भांड्यांची. हंडा, घागर, रॉकेलचा डबा, ज्याचं त्यानं रांगेत ठेवायचं आणि कामाला जायचं. कुणाचं भांडं कुठलं, हे सगळ्यांना पाठ असायचं. टँकरच्या वेळेला बायका येऊन लिंबाच्या सावलीत बसायच्या, आणि दिवसभरात गावात जे काय हसणं-बोलणं व्हायचं ते तिथं.

शाळा सकाळची होती. जाताना मी कळशी रांगेच्या शेवटी ठेवायचो आणि परत येऊन पाहावं तर ती सगळ्यांत पुढे असायची. बायकांनी सरकवलेली. "भरा गुरुजी आन् निगा. उनात उबं नका ऱ्हाऊ." मी लिंबापाशी पोचलो की गप्पा थांबायच्या. कळशी खांद्यावर घेऊन मी कोपऱ्यावर वळलो की मागं पुन्हा हशा उठायचा. मला वाटायचं, वळून परत जावं. पण भरलेली कळशी घेऊन कुठल्या निमित्तानं जाणार?

एके दिवशी वर्गात मी सांगितलं, रांगेत उभा असलेला प्रत्येक माणूस सारखा. त्यात लहानमोठा कुणी नाही. जो आधी आला तो आधी.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. एरवी ती बोलायची नाही.

"सर, आन् रांग भांड्यांची आसली तर?"

"भांडं माणसाच्या जागी उभं असतं," मी म्हणालो. "माणसाला जो नियम, तोच भांड्याला."

ती खाली बसली. मागच्या बाकावरून कुणीतरी खोकलं आणि हळूच म्हणालं, "कळशी." पोरं खाली माना घालून हसू लागली. त्या दिवशी मात्र त्यांना समजलं होतं.

दुपारी मी सगळ्यांत पुढे असलेली माझी कळशी उचलली आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली.

"का वो गुरुजी, आमचं काय चुकलं?" एका म्हातारीनं विचारलं. तिच्या शब्दाला तिथं मान होता.

"काही नाही, आजी. माझा नंबर शेवटी आहे. आजपासून माझ्या कळशीला कुणी हात लावायचा नाही."

मग माझ्या लगतच्या बाईनं आपला हंडा उचलला आणि माझ्या कळशीच्या मागं ठेवला. मग तिच्या पुढचीनं. मग तिच्याही पुढचीनं. बघता बघता माझी कळशी, जागची न हलता, पहिली झाली.

"हे काय?" मी म्हणालो.

"तुमच्या कळशीला कुनी हात लावलाय का?" म्हातारी म्हणाली. "आमच्या हंड्याला तरी आमी हात लावावा का न्हाई?"

पदर तोंडाशी धरून सगळ्या हसल्या. मी कळशी भरली आणि निघालो. पुढे रोज असंच होऊ लागलं. वर्गातल्या मुलीही पाणी न्यायला यायच्या आणि उभ्या राहून बघायच्या. त्या धड्याच्या पुढे जायला मला तोंड उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर रोज पाणी घेऊन एकट्यानं पहिलं निघून जायचा मला कंटाळा आला होता.

मग एका शनिवारी मला शाळेत जायलाच उशीर झाला, म्हणून कळशी ठेवायला थेट दुपारीच गेलो. माझ्या आधीचे दोन हंडे त्या पहिल्या बाकावरच्या मुलीचे होते. तिची आई खडीवर गेली होती. सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या, कारण सुरुवात तिनं करायची होती. ती हलली नाही.

"ए, उचल की गं," म्हातारी म्हणाली. "मागं गुरुजी हायेत."

"न्हाई उचलनार. माजा नंबर आदी हाय. सर मागनं आलेत."

"अगं भवाने, शिकिवत्यात ना ते तुला!"

"त्येंनीच शिकिवलंय."

ती माझ्याकडे बघत नव्हती. हंड्याचा काठ तिनं घट्ट धरला होता.

"तिचं बरोबर आहे," मी म्हणालो.

तिच्यापुढचे हंडे जागच्या जागी राहिले. मी लिंबाच्या सावलीला, जरा लांबच, एका दगडावर बसलो. अखेर म्हातारीलाच राहवेना.

"गुरुजी, त्या रेशनच्या मिलो जवारीच्या भाकरी तुमीच थापता व्हय?"

"मीच."

"गोल हुत्यात का?"

"नाही. तुटतात."

"मग खातंय कोन?"

"खाणाराही मीच."

"लगीन करा," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "भाकर बी हुईल आन् नंबर बी लागंल."

त्या हसल्या. मीही हसलो. मग माझा विषय सोडून त्या दुष्काळी कामावरच्या मुकादमाकडे वळल्या, त्याची चाल कशी, बोलणं कसं. मी बसून ऐकत राहिलो. कुणी बोलायचं थांबलं नाही.

मुलीचा दुसरा हंडा अर्धा भरला आणि नळाची धार बारीक होत गेली. हौद संपला. तिनं हंड्यात पाहिलं, मग माझ्या कळशीकडे.

"सर, ह्यातलं थोडं..."

"नको. नंबर तुझा होता."

रिकामी कळशी उचलून मी निघालो तेव्हा म्हातारी मागून ओरडली, "रामपारी आनून ठेवायची कळशी! दुपारी उगवल्यावर पानी का थांबनार हाय?"

आईनंतर मला कुणी असं रागावलं नव्हतं. त्या दिवशी तांब्यातल्या पाण्यावरच मी भागवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. उजाडताच कळशी रांगेत ठेवून आलो आणि टँकरच्या वेळेला परत गेलो. पुढे रॉकेलचा डबा होता, मागे एक पोचा आलेली घागर. मध्ये, ठेवली होती तिथंच, माझी कळशी उभी होती.