वॉकर म्हणजे कुठले?

देवगडच्या स्टँडवर बोरीवलीची बस लागली तरी आई माझी बॅग सोडत नव्हती. बाबा आलेच नव्हते. कोर्ससाठी मुंबईत असताना ओळख झालेल्या डेन्झिल वॉकरशी मी लग्न करणार, हे कळल्यावर ते एकदाच बोलले होते, "आमची आडनावां गावावरसून. मिठबावचे म्हणान मिठबावकर. ह्यो वॉकर खंयचो?" मी हट्ट सोडला नाही. बस हलली. ज्यांचं गावच माहीत नाही अशा माणसांत मी राहायला निघाले होते.

तुम्ही जे तिकडे गावी राहिलात त्यांना वाटतं, मुंबईत गेली, सुटली. पहिलं वर्ष मी फक्त घाबरले. डेन्झिल अंधेरीला एअरपोर्टवर कार्गोत, बारा-बारा तास ड्युटी. घरात मी आणि सासूबाई, लॉर्ना वॉकर. त्यांना मम्मी म्हणायचं होतं. जीभ वळत नव्हती. बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालू का, हे विचारायलाही धीर होत नव्हता. बँकेत कुणी "मिसेस वॉकर" म्हटलं की मी मागे वळून बघायची. लिफ्टमध्ये शेजारणीने विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" त्यानंतर किती तरी महिने मी जिन्याने गेले.

मग दिवस राहिले. सातव्या महिन्यात एका दुपारी ओट्यापाशी उभी असताना रक्त जायला लागलं. डेन्झिल ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. मम्मी मला धरून खाली आल्या आणि सरळ रस्त्याच्या मधोमध रिक्षासमोर उभ्या राहिल्या. "अरे रुक! लडकी मर जाएगी!"

हॉस्पिटलमध्ये नर्स ओरडत होती, "वॉकर कोण? वॉकर!" स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मला दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत असं वाटलं. मम्मींनी हात दाबला, "अगं तूच! तूच ना!" तेव्हा जी भीती वाटली ती वेदनेपेक्षा मोठी होती. आज मेले तर ज्या नावाने मरेन ते माझ्या माहेरी कुणाला नीट माहीतसुद्धा नाही.

मुलगी झाली. मुठीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काहीच सांगता येणार नाही.

डेन्झिलने गावी कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बसमधून उतरून थेट वॉर्डात आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरा नको गो," म्हणाले. मग ते दाराबाहेरच्या बाकावर मम्मींशेजारी बसले. दोघांची पहिलीच भेट. बाबांनी विचारलं, "वॉकर म्हणजे खंयचे तुमी?"

"गाव नाही भाऊ, काम आहे ते," मम्मी म्हणाल्या. "माझे मिस्टर सांगायचे. इंग्लंडमध्ये पूर्वी लोकरीचं कापड विणून झालं ना, की पाण्यात टाकून पायांनी तुडवायचे. तासन् तास. मग ते घट्ट व्हायचं. तुडवत चालणारा तो वॉकर. हेच काम करणाऱ्याला कुठे फुलर म्हणायचे, कुठे टकर. मिस्टरांचे पणजोबा इथे रेल्वेत आले, इथेच लग्न केलं, परत गेलेच नाहीत. तिकडचं गाव कुठलं, आम्हाला पण नाही माहीत."

बाबा तरुणपणी मुंबईत कापडगिरणीत होते, कापड धुऊन पांढरं करायच्या ब्लिचिंग खात्यात. गिरणी बंद पडली तेव्हा गावी परतले. खाटेवरून मला ते दिसत होते. ते स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

"ओल्या कापडात मी पण उभो रवलंय," ते म्हणाले. "म्हंजे गिरणीतलीच माणसां मां तुमी." आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. मी त्यांना रडताना कधीच पाहिलं नव्हतं. मम्मींनी आपला रुमाल पुढे केला. "वाचेल पोर," म्हणाल्या.

पोर वाचली. रिया वॉकर आता मुलुंडला कॉलेजला जाते. आई राहिली नाही. बाबा देवगडला एकटेच असतात; इथे या म्हटलं की विषय बदलतात.

माझ्यासारखे जे निघून आलात, त्यांना विचारते, तुमची भीती गेली का? माझी गेली नाही. फक्त पूर्वी ती एकटीची होती. परवा संध्याकाळी, डेन्झिल ड्युटीवर असताना, बाबा फोन उचलेनात. रियाने दहादा लावला. मम्मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या, मी गॅस बंद करून आले. कुणी कुणाला उगाच घाबरू नकोस म्हटलं नाही. घर कुठलं असं आज कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

शेवटी पलीकडून आवाज आला, "विहिरीर गेल्लंय गो."

मम्मींनी फोन हिसकावला. "भाऊ, फोन खिशात ठेवा ना! आम्ही तिघी इथे मरतोय!"

बाबा हसत होते. तरी मम्मी फोन सोडत नव्हत्या.