परातीतली दोन नावं

मी सूड घेतला, आणि तोही माझ्या लेकीच्या बारशाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला गरीब गाय समजायला नको.

लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. घरात सासूबाई आणि वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद. माझे यजमान मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे यायचे. वन्संचे यजमान बोटीवर, त्यामुळे वर्षातले दहा महिने त्या माहेरीच. "आमची दुसरीपर्यंत शिकलेली हो," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि वन्सं खाली मान घालून पदर सारखा करत.

माझी आई गुहागरला. ती मास्तरांकडून पत्र लिहवून घेई आणि इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती देई. पत्र आलं की वन्सं ओट्यावर बसून ते उलगडत, ओठ हलवत, मध्येच भुवया उंचावत, आणि शेवटी म्हणत, "सर्व खुशाल आहे. काळजी नसावी." मग पत्र तारेला ओवलं जाई.

"आणखी काही नाही?" मी विचारायची.

"आणखी काय असायचंय गो? एवढंच लिहिलंय."

एका मार्गशीर्षात असंच 'सर्व खुशाल' आलं आणि नवव्या दिवशी माणूस आला, आई गेल्याचं सांगायला.

त्यानंतर मी वाचायला शिकले. शेजारची मुलगी शाळेत जायची. विहिरीवर पाणी काढता काढता ती जांभ्याच्या दगडावर कोळशाने अक्षर काढी, मी गिरवी आणि वर घागर ओतून पुसून टाकी. दीड वर्ष लागलं. मग एका दुपारी घरात सगळ्या निजलेल्या असताना मी ती तार उतरवली.

धाकट्या भावाची मुंज झाली होती. गाय व्याली होती. आईने माझ्यासाठी फणसाची साठं घातली होती. यातलं काहीच मला कळलं नव्हतं. वाईटपणाने लपवायचं असतं तर निदान गाय व्याल्याचं तरी सांगितलं असतं. वन्संना वाचताच येत नव्हतं. अगदी शेवटच्या पत्रात होतं: 'दुखणं फार वाढलं आहे. लेकीला एकदा पाठवा.'

वाचता न येणं हा काही गुन्हा नाही, मलाही येत नव्हतं. पण 'मला येत नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले असते, तर मी आईच्या उशाशी पोचले असते. मी पत्रं तारेला परत ओवली आणि गप्प बसले. एकांतात भांडून काय उपयोग? मला घरभर बायका हव्या होत्या.

त्यासाठी चार वर्षं थांबले. मुलगी झाली. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. यजमानांचं कार्ड आलं, ते पोस्टमननेच ओट्यावर वाचून दाखवलं. नाव त्यांनी सुचवलं होतं, ते सगळ्यांना आवडलं. पण त्यातलं मधलं अक्षर कुणी र्‍हस्व लिहितात, कुणी दीर्घ. यातलं कुठलं ते आत्याने ठरवावं, असंही लिहिलं होतं.

"आत्याचाच मान तो," सासूबाई म्हणाल्या.

"हो तर. बघून सांगेन," वन्सं म्हणाल्या.

बारशाला ओटी-माजघर भरून बायका होत्या. मी पाळण्याशेजारी दोन परातींत तांदूळ पसरले आणि अंगठीने लिहिलं. एका परातीत मुलीचं नाव. दुसऱ्या परातीत लिहिलं, 'लेकीला एकदा पाठवा'.

"वन्सं, आता तुम्हीच सांगा. यातलं बरोबर कुठलं?"

त्या वाकल्या. ओठ हलले, भुवया उंचावल्या. मग दुसऱ्या परातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे. हेच शुद्ध."

शेजारची मुलगी पुढे झाली आणि तिने ते मोठ्याने वाचलं. सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. "हे काय गो?"

"माझ्या आईचं शेवटचं पत्र. वन्संनी वाचून दाखवलं होतं मला."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. वन्संचा चेहरा पांढराफटक पडला, पण मुहूर्त टळत होता, त्यामुळे पाळण्यात वाकून त्यांना बाळाच्या कानात 'कुर्र' करावंच लागलं. आत्या वाकली की तिच्या पाठीत धपाटे घालायची रीतच आहे. बायकांनी हलक्या हाताने घातले. मी मात्र बाळंतीण असूनही उठले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. अक्षर मग मीच ठरवलं. दीर्घ.

एवढ्याने माझं समाधान झालं नाही. पुढच्या वर्षी वन्संच्या यजमानांचं पाकीट आलं. आधीची पत्रं त्या कुणाकडून वाचून घेत, देव जाणे. आता सासूबाईंनीच फर्मावलं, "सुनेकडून वाचून घे."

त्यात होतं: 'बोट मुंबईला चार दिवस थांबेल. भावाकडे येऊन राहा, भेट होईल.'

"सर्व खुशाल आहे," मी म्हटलं. "काळजी नसावी." आणि पत्र तारेला ओवलं. वन्संचे यजमान घरी आले ते त्यानंतर दीड वर्षाने.

लेक सात वर्षांची झाली आणि दिसेल ते वाचत सुटली. एका दुपारी तिने तार उतरवली. वन्सं ओट्यावर कोकमं निवडत होत्या. मी आत नारळ खवत होते. 'बोट मुंबईला चार दिवस थांबेल,' असं मोठ्याने ऐकू आलं आणि माझा हात थांबला. ती पुढेही वाचत राहिली, शेवटपर्यंत.

"आत्या, मग तू गेलीस मुंबईला?"

"नाही गो बाय, नाही जमलं," वन्सं म्हणाल्या. "वाचतेस छान. पण हे ठाऊक आहे मला. तुझ्या आईने तेव्हाच वाचून दाखवलं होतं."

मी दारात येऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही. त्यांचे यजमान आले तेव्हा 'का आली नाहीस' असं त्यांनी विचारलंच असणार. म्हणजे इतकी वर्षं वन्संना सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्या माझ्या हातचं जेवत होत्या, माझी वेणी घालत होत्या.

पहिल्या पत्राबद्दल मी त्यांना कधीतरी क्षमा केली असती. या दुसऱ्याबद्दल मात्र अजून करता आलेली नाही.