पाथरीची जुडी

जनावरांच्या दवाखान्यातली माझी नोकरी संपत आली. शेळ्यांचं तोंड उघडून औषध पाजता पाजता खांदे कामातून गेले. तलाव आटायला लागला की काठाला तेवढी हिरवळ उरते. शेळ्या तिथंच चरतात आणि गोगलगायीतून पाण्यात, पाण्यातून पाल्यावर आलेला किडा त्यांच्या लिव्हरमध्ये जाऊन बसतो. जबड्याखाली पाणी उतरलेली शेळी मी लांबूनच ओळखतो. "काठाला चारू नका" हे इतक्यांदा सांगितलंय की आता माझं मलाच ऐकू येत नाही.

तलावाजवळच्या वस्तीवर एक म्हातारी आहे. शेळ्यांना औषध पाजलं की ती मला रिकाम्या हातानं जाऊ देत नाही. काठाचीच पाथरीची भाजी उपटून पिशवीत कोंबते. "डाक्टर, बाईला द्या." मी डॉक्टर नाही, हे सांगायचंही मी सोडून दिलंय. पाथरी आमच्याकडे कच्चीच खातात, भाकरीबरोबर. मी पालेभाजीला तोंड लावत नाही, बायको खायची.

मागच्या उन्हाळ्यात तिला तापानं धरलं. उजव्या बरगडीखाली दुखायचं, अन्न जाईना. कावीळ समजून आम्ही तीन महिने झाडपाल्यात घालवले. ती वाळत चालली होती आणि मी रोज लोकांच्या शेळ्या तपासत होतो. शेवटी बीडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि विचारलं, "पाण्याकाठचं काही कच्चं खाता का?"

"पाथरी," ती म्हणाली. "हे आणतेत की."

लाज वाटली, अजून वाटते.

औषध बाहेरून मागवावं लागलं. शेळ्यांना देतात त्यातलंच निघालं. आता ती चुलीपुढं बसते, पण दोन भाकऱ्या थापल्या की दम लागतो.

परवा म्हातारीनं पुन्हा जुडी पुढं केली. मी घेतली नाही, तिलाही खाऊ नको म्हणालो. "पाल्यानं काय होतंय!" म्हणत ती रुसून आत गेली. घरी येऊन बायकोला सांगितलं, आता तुझी पाथरी कायमची बंद.

"बरं झालं. मला लई कडू लागायची."

"मग खायचीस कामून?"

तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "तुम्ही दिवसभर राबून यायचे, अन् तेवढंच माझ्या हातात द्यायचे. न्हाई कसं म्हणू?"