माहेरच्या नावाचा ड्राफ्ट

मायचा आजार बळावल्याचं पत्र विलायतेत आलं, तेव्हा आमच्याजवळ एका माणसाच्या परतीचंही भाडं नव्हतं. नवरा मध्यप्रांत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकत होता, तीत दोघांचं जेमतेम भागायचं. बाबांनी कळवलं, भाडं मी पाठवतो, तू ये. भातकुलीजवळ आमचा फुला-भाज्यांचा मळा. पैसे कुठून येणार, ते मी विचारलं नाही.

सासऱ्याचा पैसा स्वतःच्या खात्यावर घ्यायला नवरा तयार होईना. म्हणून माझं खातं उघडायचं ठरलं. परदेशी बाईला ते सोपं नव्हतं. बँकेला आधी ओळख देणारा हवा होता. घरमालकीण म्हणाली, माणसं चांगली आहेत, पण सही काही तिनं दिली नाही. शेवटी नवऱ्याच्या प्राध्यापकांनी चिठ्ठी दिली. मग कारकुनानं विचारलं, वऱ्हाड निजामाचं की इंग्रजांचं? मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा; ते आम्हालाही धड सांगता येईना. खातं उघडलं ते पासपोर्टावरच्या, म्हणजे सासरच्या नावानं.

ड्राफ्ट आला तो माहेरच्या नावानं. बाबा अमरावतीच्या बँकेत गेले आणि त्यांनी लेकीचं नाव सांगितलं. दुसरं कोणतं सांगणार? माझं सासरचं नाव आमच्या मळ्यात कोणाच्या तोंडी नव्हतं. अकोल्याला सासरी एक नाव, माहेरी एक, त्यात कधी कोणाचं अडलं नव्हतं.

विलायतेतल्या बँकेचा कारकून सभ्य होता. म्हणाला, या दुसऱ्या बाई आहेत. लग्नात आडनाव बदलतं हे त्याला ठाऊक होतं, पण आईबापांनी ठेवलेलं नावही बदलतं हे त्याला पटेना. त्यानं दाखला मागितला. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, चार बायकांनी ते वाचलं, मग ते तांदूळ कोणीतरी गोळा करून नेले. त्याचा दाखला कोण देणार?

ड्राफ्ट परत गेला. बोटीला जायला लागतात तेवढे आठवडे गेले, यायला तेवढेच. दुरुस्त ड्राफ्ट पोचण्याआधी माय गेल्याची तार पोचली. ड्राफ्ट आल्यावर मी तरीही निघाले.

बडनेऱ्याच्या स्टेशनावर बाबा बैलगाडी घेऊन आले होते. शेवटी शेवटी माय रोज विचारायची, पोरगी निघाली काय, हे त्यांनी सांगितलं. मग त्यांनी गाडी हाकली.

"पोरी, नाव तं मीच ठेवलं होतं तुयं. मंग तिकडं काहून नाई चाललं?"

"तुमचं काई नाई चुकलं बाबा. त्यायले समजलं नाई."

"मंग तुयी माय काहून गेली वाट पाहून पाहून?"

त्यावर मी बैल तहानलेले दिसतात असं म्हटलं. ते खाली उतरले आणि त्यांनी बैलांना पाणी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासाठी त्यांनी मला हाक मारली, ती सासरच्या नावानं. ते त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं, मध्येच अडखळले. मला आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाला बोलावताहेत.

"या घरात थे नाव नाई चालत, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यानंतर मरेपर्यंत मला त्यांनी त्याच नावानं बोलावलं. पहिल्या नावानं हाक मारणारं मग कोणी राहिलं नाही.