बोकड न्हाय मिळणार

दिघाशीहून चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "ताई, आत्या गेली... सकाळी चहा प्यायली आणि गेली." त्याला आता दीड महिना होईल. भेटायला येणारे म्हणतात, आत्या फार प्रेमळ होती. होतीच. पण त्याआधी ती हट्टी होती, आणि त्या हट्टापायीच मी आज चारचौघांत बोलते आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत चाळीच्या एका खोलीत आमचं बिऱ्हाड होतं, बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. मी सात वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली, माझ्या डोळ्यांदेखत, आणि माझी वाचा बसली. ठरवून नव्हे, शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथंच अडायचे. जेवण जाईना, अंथरूण ओलं होऊ लागलं, शाळा सुटली. डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "पोरीच्या मनानं घेतलंय. त्यावर माझ्याकडे औषध नाही." बाबा डबल शिफ्ट करून यायचे आणि माझ्यासमोर बसून रडायचे.

मग आत्या आली. बाबांची थोरली बहीण, विधवा, दिघाशीला एकटीच्या हिमतीवर भात पिकवणारी. एसटीतून उतरली ती काखेत करडू घेऊन. ते तिनं सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्याची आई मेली. दूध तू पाजायचं. मी हात लावणार न्हाय."

"अक्का, पोर सोता जेवत न्हाय, ती कुणाला पाजणार?" बाबा म्हणाले.

"बघू की."

लूमचा खडखडाट दिवसभर भिंतींतून यायचा आणि करडू थरथरायचं. मी त्याचे कान तळहातांनी झाकून बसायचे. त्याला बाटली पाजता पाजता आत्या माझ्या तोंडात घास सरकवायची. हळूहळू माझं अंथरूण कोरडं राहू लागलं. करडाला शिंगं फुटली. एके दिवशी शेजारचे लूमवाले चाचा गमतीनं म्हणाले, "बिटिया, बकरा बेचोगी क्या?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही! माझा आहे." चाचांनी हातातला डबा तिथंच ठेवला. "अरे सुनो, बिटिया बोली!" सगळी चाळ गोळा झाली. बाबा ड्युटी सोडून धावत आले, मला छातीशी धरलं... आणि बोकडाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी नवस बोलला होता. पोर बोलू दे, गावदेवीला हाच बोकड देईन.

जत्रेच्या दिवशी दिघाशीला पोचल्यावर त्यांनी हे आत्याला सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं, अंगणातला बोकड सोडून माझ्यासकट घरात घेतला आणि स्वतः उंबऱ्यात आडवी बसली. गावची म्हातारी माणसं आली.

"नवस फेडला न्हाय तर देवी कोपंल, बाये."

"देवीनंच पोर बोलती केली ना? मंग ती ह्या बोकडाकडनंच केली. पोरीला दिलेलं परत मागायला देवी काय एवढी कोत्या मनाची हाय? नारळ घ्या. बोकड न्हाय मिळणार."

"आन कोप झाला तर?"

"माझं नाव सांगा तिला."

आत्यासकट भिवंडीला परतलो आणि मला ताप भरला. उतरेना. बाबा पार खचले. "अक्का, अजून येळ हाय गं..." आत्याचा हात माझ्या कपाळावर होता. तो तिनं हलवला नाही. "पोरांना ताप येतोच. डॉक्टरला बोलव." ताप उतरला त्या दुपारी तिनं मोरीचं दार लावून घेतलं. बराच वेळ आतून नुसता नळाचा आवाज येत राहिला.

पुढे ती दिघाशीला परतली, पण गावानं तिला माफ केलं नाही. लावणीला बायका तिच्या शेतात येईनाशा झाल्या. कित्येक पावसाळे ती एकटीच चिखलात वाकलेली असे. एका जनावरासाठी एवढं? मीही मोठेपणी विचारलं होतं. ती म्हणाली, "तू बोललीस म्हणून तो मेला असता. मंग तू परत तोंड उघडलं असतंस का?" बोकड आमच्याकडेच म्हातारा होऊन गेला.

तेराव्याला गेले तेव्हा तिच्या घरातली सामानाची वाटणी चालू होती. तिच्या चुलीजवळचं कानतुटकं मांजर कुणालाच नको होतं. मी ते उचललं, त्याच्याखालचं तिचं जुनं लुगडंही. आता दोन्ही भिवंडीत आमच्या फ्लॅटमध्ये आहेत. पाळीव प्राणी चालणार नाहीत, असा सोसायटीच्या सेक्रेटरींचा दोनदा निरोप आला. मी कळवलंय, रविवारी या, चहा ठेवते. मांजर लुगड्यावर झोपलेलं असेल, मी दारातच खुर्ची टाकून बसलेली असेन.