मायच्या पसंतीची थैली

माझी माय बोलायला लागली की बाजाराच्या पलीकडच्या ओळीतही ऐकू जायचं. लाखनीच्या आठवडी बाजारात ती लाखोरीची डाळ आणि घरचे पोहे घेऊन बसायची. एखादी बाई भाव ऐकून पुढे निघाली की मागून हाक मारायची, "अवो बाई, घेऊ नोका, पन हात लावून तं पाहा!" बाई वळायची, हात लावायची आणि बहुतेक वेळा घेऊनच जायची. स्वतःला काही घ्यायचं असलं तरी हीच तऱ्हा. साधी केरसुणी घ्यायची तर ती दुकानातल्या सगळ्या उलथून पाहायची आणि दुकानदाराला बोलून बोलून जेरीस आणायची. मी शेजारी उभा राहून शरमेनं खाली बघायचो.

मागच्या वर्षी धान कापणीला आलं होतं तेव्हा एका सकाळी अंगण झाडता झाडता ती खाली बसली आणि तिला उठता येईना. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. जीव वाचला. पाय हळूहळू चालू लागला, उजवा हात अर्धामुर्धाच राहिला. वाचा मात्र गेली. एकच शब्द उरला. "बस."

आमच्याकडे या शब्दाला काय कमी अर्थ आहेत? पुरे म्हणजे बस, थांब म्हणजे बस, खाली टेक म्हणजे बस, झालं म्हणजेही बस. भात वाढताना ती "बस" म्हणायची आणि ताट पुढे सरकवायची. तिला अजून हवा आहे की नको, हे आम्ही तिच्या तोंडाकडे बघून ठरवायचो, आणि अर्ध्या वेळा चुकायचो.

भंडाऱ्यात बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना सगळं कळतं, हे विसरू नका. फक्त शब्द सापडत नाही. कधीकधी हो म्हणायचं असतं आणि मान नाही म्हणून हलते." त्यांच्या सांगण्यावरून माझ्या बायकोनं पुठ्ठ्याची कार्डं केली. त्यांवर चित्रं चिकटवली: पाण्याचा गिलास, चहा, पंखा, संडास, दुखरं डोकं, आमच्या मुलीचा फोटो. माय बोट ठेवायची आणि आम्हाला कळायचं. कार्डं तिच्या कापडी थैलीत असायची. ती थैली ती कुणाला उचलू देत नसे. डाव्या खांद्याला अडकवून स्वतःच न्यायची.

मग पावसाळ्यात एकदा भंडाऱ्याहून परत येताना लाखनीच्या थांब्यावर उतरलो आणि पावसानं गाठलं. एकीकडे ट्रकांचं पाणी अंगावर उडत होतं, दुसरीकडे माय घाईनं चालू शकत नव्हती. घरी पोचेपर्यंत थैली पिळून काढण्यासारखी झाली होती. गोळ्यांची पाकिटं कशीबशी वाचली, कार्डांचा लगदा झाला. मायनं ती एकेक करून चुलीजवळ वाळत घातली. वाळली तेव्हा चहा पंख्याला चिकटला होता.

बायको म्हणाली, "पुन्हा करून देतो मी कार्डं. पन आता पानी न शिरनारी, मजबूत थैली घ्या. अन् तुमी काळीभुरी उचलून आनसान, ते नोका करू. रंगाची घ्या. त्यायलेच पसंत करू द्या."

पुढच्या खेपेला सराव संपल्यावर मी मायला बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका थैल्यांच्या दुकानात घेऊन गेलो. दुकान एका बाईंचं होतं, वय माझ्याएवढं. त्यांनी मायला स्टूल दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. मी काय हवं ते सांगितलं.

"रोजच्यासाठी ना? मंग ही ताडपत्रीची पाहा. शिलाई डबल आहे. पानी ओतून दाखवू का?"

त्यांनी खरंच बाटलीतलं पाणी थैलीवर ओतलं. थेंब घरंगळून खाली गेले. माय लक्ष देऊन बघत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

बाईंनी काउंटरवर थैल्या मांडल्या. हळदीसारखी पिवळी, तिच्यावर हिरवे पट्टे. लाल-निळ्या चौकड्यांची. वांगी रंगाची, पांढऱ्या बंदांची. एक पोपटी, तिच्यावर मोठाली फुलं. मी एकेक उचलून तिच्यासमोर धरत गेलो.

"हे पाह्य माय. ही पाह्यजे का?"

"बस."

"बरं, ही?"

"बस. बस बस."

आवाज जरा चढला होता. डावा हात लाल-निळ्या चौकड्यांच्या दिशेनं उठला होता. मी ती उचलली. तिनं मान हलवली, वर-खाली हलवल्यासारखी. मी बाईंना म्हटलं, "हीच द्या." पैसे दिले, थैली तिच्या खांद्याला अडकवली आणि आम्ही बाहेर पडलो.

रस्ता ओलांडायच्या आधीच ती उभी राहिली. थैली खांद्यावरून काढून तिनं माझ्या हातात कोंबली. डोळ्यांत पाणी.

"काहून माय? नाही आवडली?"

"बस!"

पुन्हा दुकानात आलो. बाईंनी थैली परत घेतली. "बदलून घ्या, घाई नोका करू," एवढंच म्हणाल्या. मग आमचा पुन्हा तोच खेळ सुरू झाला. खुंटीवरच्या उतरवल्या, आतल्या गठ्ठ्यातल्या काढल्या. माय दर वेळी हात उचलायची, तो हात कुठे दाखवतोय ते मला समजायचं नाही, आणि मी चुकीची उचलली की तिचा श्वास मोठा व्हायचा. कार्डांत थैलीचं चित्र नव्हतं. रंगांचीही कार्डं नव्हती. पावसातून जी चार-दोन कार्डं वाचली होती ती मी तरीही काउंटरवर पसरली. तिनं ती हातानं बाजूला सारली.

तेवढ्यात दुकानात आलेली एक बाई दुकानदारीणबाईंना म्हणाली, हळू म्हणाली पण ऐकू येईल इतपत, "काही समजत नाही का यायले?"

मायनं तिच्याकडे बघितलं. पूर्वीची माय असती तर त्या बाईला जन्मभर पुरेल असं उत्तर मिळालं असतं. मायचे ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले. मग ती मान खाली घालून आपल्या पदराच्या टोकाकडे बघत बसली. मला त्या बाईला काहीतरी बोलायचं होतं. पण बोलणं ज्याचं आहे त्याच्या तोंडून ते निघत नसताना मी काय बोलणार?

ती बाई गेल्यावर दुकानदारीणबाई काउंटरच्या बाहेर आल्या आणि मायच्या स्टुलाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "आता दाखवा आई, मी तुमच्या डोळ्यांच्या सरळ पाह्यतो."

मायनं हात उचलला. बाईंनी त्या रेषेत बघितलं आणि एकदम हसल्या. "अरे! हे तं माही थैली!"

काउंटरच्या मागे खिळ्याला त्यांची स्वतःची थैली टांगलेली होती. नारिंगी रंग, उन्हानं विटलेला, कडा घासलेल्या. आत त्यांचा डबा होता. बाईंनी डबा काढून ठेवला, थैली झटकली आणि मायच्या मांडीवर ठेवली. "दोन पावसाळे काढले हिनं. असा माल आता येत नाही, पन पाह्यजे असंन तं घेऊन जा आई. खरंच."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सापडलं एकदाचं. मायनं थैलीच्या आत हात घातला, तळ चाचपला, शिवण अंगठ्यानं दाबून पाहिली. बाजारात ती प्रत्येक वस्तू अशीच पाहायची. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

तिनं थैली बाईंना परत दिली.

"बस," ती म्हणाली. हळू, अगदी साध्या आवाजात.

तिला ती नकोच होती की दुसऱ्याची वस्तू घेणं बरं वाटलं नाही? तशीच पण नवी हवी होती? की ती थैलीकडे नाही, मागच्या भिंतीवरच्या दुसऱ्याच कशाकडे बघत होती? मी विचारत राहिलो. "माय, नवी पाह्यजे का अशीच? दुसरा रंग पाह्यजे का? मोठी पाह्यजे का?" माझाच आवाज मला रडवेला ऐकू येत होता. पन्नाशीचा माणूस, दुकानात मधोमध उभा, दोन्ही हातांत थैल्या.

तेव्हा माय स्टुलावरून उठली. माझ्याजवळ आली आणि डावा हात माझ्या गालावरून फिरवला. मग मागे वळली, काउंटरवर सगळ्यांत वर पडलेली हळदी थैली घेतली आणि खांद्याला लावली. निवडल्यासारखी नाही. हाताला लागली म्हणून घेतली. दाराकडे चालायला लागली.

मला कळलं की तिनं आता सोडून दिलं आहे, आणि माझ्यासाठी सोडून दिलं आहे. तिला थांबवून पुन्हा विचारायचं धाडस मला झालं नाही. शिवाय विचारून तरी काय होणार होतं? एस.टी.त ती खिडकीशी बसली आणि थैली मांडीवर घेऊन लाखनी येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

त्याला आता बरेच महिने झाले. थैली चांगली निघाली. पाणी शिरत नाही, बंद तुटला नाही, रंगही गेला नाही. माय ती रोज वापरते. बायकोनं कार्डं नव्यानं केली, वरून प्लास्टिक चिकटवलं, आणि या वेळी रंगांची आणि थैलीचीही केली. मी ती आतल्या कप्प्यात ठेवून दिली.

माय ती काढून ठेवते. सकाळी थैली बघितली तर कार्डं फळीवर नीट रचलेली असतात आणि थैलीत परसातल्या वालाच्या शेंगा, अंबाडीची भाजी, कधी चार लिंबं. ती शेजारणीकडे द्यायला निघते. शेजारीण एकटीच बोलत असते, माय ऐकते आणि मधूनमधून तिचा शब्द म्हणते. दोघींचं कसं जमतं ते मला माहीत नाही.

सुरुवातीला मी कार्डं परत थैलीत घालायचो. संध्याकाळी ती पुन्हा फळीवर असायची. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "आग्रह करू नका, पण जवळ असू द्या." जवळ म्हणजे किती जवळ, हे मी विचारायचं विसरलो. आता कार्डं फळीवर असतात आणि मी रोज त्यांवरची धूळ झटकतो.